वय पंधरा आणि डाएट १२०० कॅलरींचं? वजन कमी करताना मुलांनी पोटभर का खायला हवं

डहाणू रोडहून लोकल पकडून कॉलेजला जाणारी मुलगी असो की तलासरीच्या एखाद्या पाड्यावरून शाळेत चालत जाणारी, मोबाइलवर दोघींनाही एकच रील दिसतं. दिवसाला १२०० कॅलरी खा आणि महिन्यात पाच किलो उतरवा. मग सकाळ चहावर भागते, डब्यातली भाकरी तशीच परत येते आणि रात्री 'भूक नाही' असं घरी सांगितलं जातं.

हा १२०० चा आकडा मोठ्यांच्या डाएट चार्टमधला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला साधारण २४०० कॅलरी लागतात, १६ ते १८ व्या वर्षी २५००. मुलांसाठी हेच आकडे २८६० आणि ३३२० आहेत. सरासरी आकडे आहेत, प्रत्येकाला तंतोतंत लागू होणार नाहीत. पण १२०० म्हणजे गरजेच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी, हे उघड आहे.

एवढ्या कॅलरी जातात कुठे?

या वयात शरीराचं बांधकाम सुरू असतं. उंची वाढते, स्नायू भरतात, पाळी नियमित व्हायला लागते. आयुष्यभर पुरणाऱ्या हाडांच्या मजबुतीपैकी जवळपास ९० टक्के अठराव्या-विसाव्या वर्षापर्यंत तयार होते. खाणं खूपच कमी पडलं की शरीर चरबीसोबत स्नायूही जाळतं. डाळ-अंड्यातलं प्रोटीनही वाढीऐवजी इंधन म्हणून वापरलं जातं. घर बांधायला आणलेलं लाकूड चुलीत घालावं, तसं. पाळी लांबते किंवा थांबते, केस गळतात, वर्गात लक्ष लागत नाही.

मोठ्यांनाही हे झेपत नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे दिवसाला साधारण १५७० कॅलरींवर ठेवलं होतं. हा उपासमारीचा प्रयोग होता! ते अशक्त झाले, चिडचिडे झाले, डोक्यात सतत जेवणाचाच विचार. प्रयोग संपल्यावर अनेकजण खाण्यावर तुटून पडले. रीलमधलं डाएट याहूनही कमी कॅलरींचं आहे.

डहाणू-तलासरीत धोका जास्त का?

पालघरमधल्या कुपोषणाच्या बातम्या बहुतेकदा लहान बाळांच्या असतात. किशोरवयीन मुलं त्यातून निसटतात. शाळेतलं पोषण आहार योजनेचं जेवण पहिली ते आठवीपर्यंत मिळतं. सहावी ते आठवीसाठी त्याचा निकष ७०० कॅलरींचा आहे. नववीत गेलं की ते ताट बंद, आणि भूक नेमकी तेव्हाच वाढलेली असते. (आश्रमशाळेत राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांना तिथे जेवण असतं.) त्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. अशा मुलीने जेवण निम्मं केलं तर आधीच कमी असलेलं लोह आणखी घटतं.

मग वजन खरंच जास्त असेल तर?

आधी ते जास्त आहे का, हे तपासायला हवं. मोठ्यांचा बीएमआयचा तक्ता मुलांना तसाच लागू होत नाही. डॉक्टर वय आणि मुलगा की मुलगी हे बघून वाढीच्या तक्त्यावर मोजतात. वजन जास्त निघालं तरी अनेकदा ते उतरवण्यापेक्षा आहे तिथे रोखणं पुरतं. उंची वाढत जाते आणि शरीर आपोआप सडसडीत होतं.

कमी करायचंच असेल तर कोल्ड्रिंक, पाकिटातल्या चिप्स आणि रोजचा वडापाव कमी करावा. भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडं, मासळी कमी करू नये. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, त्यामुळे नागलीची भाकरी सोडणं तर उलट तोट्याचं. घोलवडचा चिकू 'गोड' म्हणून बदनाम आहे, पण १०० ग्रॅम गरात ८० च्या आसपासच कॅलरी असतात, शिवाय भरपूर चोथा. त्याच्या जोडीला रोज तासभर खेळ, सायकल किंवा भरभर चालणं.

चक्कर येत असेल, तीन महिने पाळी आली नसेल, जेवल्यावर मुद्दाम उलटी काढली जात असेल किंवा खायचीच भीती वाटत असेल, तर डाएट थांबवून जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवावं. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी सल्ला आणि तपासणी मोफत असते.