शाळकरी मुले आणि सायबर छळ

वर्गात एकमेकांना चिडविणे, नावे ठेवणे, डबा लपविणे हे प्रकार शाळेइतकेच जुने आहेत. मात्र सायंकाळची घंटा होऊन मूल घरी परतले, की त्या जाचाला निदान दुसऱ्या दिवसापर्यंत खंड पडत असे. आता हा खंड उरलेला नाही. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि ज्या घरांत मुलांच्या हाती मोबाइल कधी दिला जात नसे, तेथेही तो अभ्यासासाठी म्हणून द्यावा लागला. शाळा पुन्हा भरल्या. मोबाइल मात्र अनेक घरांत मुलांच्याच हाती राहिला.

सहावी ते आठवी या इयत्तांतील मुले साधारणतः ११ ते १४ वर्षांची असतात. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम यांसारख्या सेवांनी आपली किमान वयोमर्यादा १३ वर्षे ठेवली आहे. म्हणजे या वर्गांतील कित्येक मुले जन्मवर्ष खोटे लिहून किंवा आईवडिलांच्या खात्यावरून तेथे वावरत असतात. परिणामी तेथे काही विपरीत घडले, तर ते घरी सांगण्यापूर्वी मुलाला आधी स्वतःची चूक कबूल करावी लागते. पुष्कळशी मुले गप्प राहतात, त्याचे एक कारण हे आहे.

शालेय छळाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणाऱ्यांत डॅन ओल्व्हेउस यांचे नाव अग्रभागी आहे. नॉर्वेमध्ये १९८३ साली या प्रश्नावर राष्ट्रव्यापी मोहीम हाती घेण्यात आली, तीत त्यांचा मोठा वाटा होता. हेतुपुरस्सर इजा, तिची पुनरावृत्ती आणि दोन्ही पक्षांच्या बळातील तफावत ही छळाची तीन लक्षणे त्यांनी सांगितली. मोबाइलवर ही तिन्ही लक्षणे वेगळे रूप धारण करतात. येथे छळणारा अंगापिंडाने दांडगा असावा लागत नाही. बनावट नावाचे खाते हेच त्याचे बळ. आणि एखादे विद्रूप केलेले छायाचित्र त्याने एकदाच टाकले, तरी पुनरावृत्तीचे काम ते पुढे पाठविणारे इतर विद्यार्थी करतात. त्यांतील प्रत्येकाला वाटते, आपण तर फक्त पुढे पाठविले.

या छळाचा सर्वांत निःशब्द प्रकार म्हणजे वर्गाच्या ग्रुपमधून एखाद्याला काढून टाकणे आणि त्याला वगळून दुसरा ग्रुप तयार करणे. वाळीत टाकणे याला आपल्याकडे पूर्वीपासून शब्द आहे. ज्या मुलाला वगळले, त्याला एकही अपशब्द लिहिलेला नसतो. त्यामुळे शिक्षकांपुढे दाखविण्यासारखे त्याच्यापाशी काहीच नसते.

अशा वेळी पालकांचे पहिले पाऊल बहुधा मोबाइल काढून घेण्याचे असते. ते समजण्याजोगे असले, तरी त्यात एक धोका आहे. मुलाच्या दृष्टीने ती तक्रार केल्याची शिक्षा ठरते, आणि पुढच्या वेळी ते तोंड उघडत नाही. शिवाय घाईघाईने सर्व मजकूर पुसून टाकला, तर पुरावाही जातो. त्याऐवजी खात्याचे नाव, दिनांक व वेळ दिसेल अशा रीतीने पडद्याचे छायाचित्र, म्हणजेच स्क्रीनशॉट, जपून ठेवावे आणि मग ते खाते ब्लॉक करावे. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. मजकूर मुलाच्या नग्न वा अश्लील चित्राचा असेल, तर तो पुरावा म्हणून देखील कोणाला पाठवू नये. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६७-ब अन्वये अशा चित्राचे प्रसारण हा गंभीर गुन्हा आहे. ते तसेच राहू देऊन थेट पोलिसांकडे जावे.

भारतीय कायद्यात ‘सायबर छळ’ या नावाचा स्वतंत्र गुन्हा नाही. कृत्य कोणते, त्यावर कलम ठरते. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे कलम ६६-क खाली येते. संमतीविना खासगी अवयवांचे चित्र टिपणे वा पसरविणे कलम ६६-इ खाली येते आणि त्यास ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. लैंगिक स्वरूपाच्या छळास २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो. क्लेशदायक संदेशांसाठी पूर्वी वापरले जाणारे कलम ६६-अ मात्र सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरविले. त्याचा हवाला आजही कोठे कोठे दिला जातो, तो निरर्थक आहे. वर्गाचा ग्रुप चालविणाऱ्या शिक्षकांना पडणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तरही येथेच द्यावयास हवे. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू असल्याखेरीज, केवळ ग्रुपचा ॲडमिन म्हणून कोणी दोषी ठरत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला आहे.

मदतीसाठी १०९८ हा बालकांचा दूरध्वनी क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो व मूल स्वतःही त्यावर बोलू शकते. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर ऑनलाइन तक्रार करता येते. बालकांच्या अश्लील चित्रांविषयीची माहिती तेथे नाव न सांगताही देता येते.

छळणारे मूलही बहुधा त्याच वर्गातले असते, आणि तेही कायद्याच्या दृष्टीने बालकच. १८ वर्षांखालील मुलांची प्रकरणे बाल न्याय मंडळापुढे जातात. समज देणे, समुपदेशन, सामाजिक सेवा असे मार्ग २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने मंडळास उपलब्ध करून दिले आहेत. त्याच अधिनियमाचे कलम ७४ पीडित आणि आरोपी अशा दोन्ही बालकांची ओळख उघड करण्यास मनाई करते. संतापलेल्या पालकांनी आपल्या ग्रुपवर त्या मुलाचे नाव व छायाचित्र टाकण्यापूर्वी हे कलम अवश्य वाचावे.