आधी मजकूर, मग थीम : वेबसाइटचं रूप निवडतानाचे आठ गैरसमज

आरमोरी तालुका टसर रेशमासाठी, म्हणजे आपल्याकडच्या कोशासाठी ओळखला जातो. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या वाढतात, कोष उतरवले जातात, त्यांतून धागा निघतो. शेजारच्या देसाईगंजात, म्हणजे वडशात, झाडीपट्टी नाटकांच्या कंपन्यांची कार्यालयं आहेत. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की गावोगावच्या प्रयोगांचं बुकिंग तिथून होतं. कोसा कापड विकणारा बचत गट असो, नाटक कंपनी असो, वैरागडचा किल्ला पाहायला येणाऱ्यांची सोय करणारा तरुण असो किंवा स्पर्धा परीक्षेचा वर्ग, प्रत्येकाला आज स्वतःची वेबसाइट उपयोगी पडू शकते. ती काढायची ठरली की पहिला प्रश्न येतो : थीम कोणती घ्यायची?

थीम म्हणजे वेबसाइटच्या रूपाचा तयार आराखडा. रंग, अक्षरं, मेनूची जागा, फोटोंची मांडणी हे सगळं ती ठरवते. जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट ज्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर चालतात, त्याची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी आली आणि थीमची सोय फेब्रुवारी २००५ मध्ये १.५ या आवृत्तीत झाली. आज हजारो थीम मिळतात. निवड अवघड होते ती या गर्दीमुळे, आणि त्याहून जास्त काही ठाम गैरसमजांमुळे.

गैरसमज १ : डेमो सुंदर, म्हणजे थीम चांगली.

वस्तुस्थिती : डेमोतली, म्हणजे थीमच्या नमुना पानांतली, निम्मी शोभा फोटोंची असते. ते फोटो व्यावसायिक छायाचित्रकारांनी काढलेले असतात, मजकूर मोजक्या इंग्रजी शब्दांचा असतो आणि प्रत्येक चौकट ठरवून भरलेली असते. तुमचे फोटो मोबाइलवर काढलेले, काही उभे, काही आडवे असणार. त्यामुळे थीमची परीक्षा डेमोवर करू नका. तुमच्याच मालाचे चार फोटो आणि तुमचाच एक परिच्छेद त्यात घालून पाहा. काही थीम फोटोंवर काळपट किंवा रंगीत थर चढवतात. कोसा साडीच्या बाबतीत हा थर घातक आहे. टसरचा नैसर्गिक तपकिरी-सोनेरी रंग हीच त्या कापडाची ओळख असते, आणि पडद्यावर पाहिलेला रंग हातात आलेल्या साडीत दिसला नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. अशा विक्रीसाठी पांढऱ्या किंवा फिकट पार्श्वभूमीची, फोटोला हात न लावणारी साधी थीम योग्य.

गैरसमज २ : इंग्रजीत छान दिसते ती मराठीतही छान दिसेल.

वस्तुस्थिती : बहुतेक थीम रोमन लिपी समोर ठेवून आखलेल्या असतात आणि देवनागरीच्या गरजा वेगळ्या आहेत. पहिली अडचण शिरोरेषेची. इंग्रजी शीर्षकांत अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडण्याची रीत आहे. तीच सेटिंग देवनागरीला लागली की शिरोरेषा तुटते आणि ‘आरमोरी’ हा शब्द चार सुट्या तुकड्यांत दिसतो. दुसरी अडचण ओळींमधल्या अंतराची. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार असतात आणि खाली उकार असतात. इंग्रजीसाठी ठेवलेल्या अंतरात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट अंतर ठेवलं तर मराठी मजकूर मोकळेपणी वाचता येतो. हे अंतर सहज बदलू देणारी थीमच घ्यावी.

तिसरी अडचण फॉन्टची. थीमच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर मोबाइल स्वतःकडचा कोणताही फॉन्ट वापरतो आणि ठरवलेलं रूप बिघडतं. मुंबईच्या एक टाइप या संस्थेनं केलेला ‘मुक्त’, गूगलचा ‘नोटो सान्स देवनागरी’ आणि मराठी वळणासाठी खास केलेला ‘तिरो देवनागरी मराठी’ हे फॉन्ट विनामूल्य मिळतात. मराठीतल्या ल आणि श यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. पानाची भाषा मराठी अशी नोंदवली असेल तर काही फॉन्ट ही वळणं आपोआप वापरतात.

फॉन्ट तपासायला ‘दुसऱ्या, ब्रह्मपुरी, राष्ट्रीय, सिंदेवाही, ॲप’ एवढे शब्द टाइप करून पाहा. यातलं ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींसाठीच्या सामाईक संगणकीय संकेतात, २००८ साली आलं; जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसू शकतो. पत्रक छापणाऱ्याकडून श्रीलिपी किंवा कृतिदेवमधला मजकूर आला असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. नाहीतर वेबसाइटवर इंग्रजी अक्षरांचा घोळ दिसेल आणि गूगलच्या शोधात त्यातला एकही शब्द सापडणार नाही.

गैरसमज ३ : मजकूर मराठीत टाकला की वेबसाइट मराठी झाली.

वस्तुस्थिती : मजकूर तुमचा असतो, पण बटणांवरचे शब्द थीमचे असतात. लेख मराठीत आणि खाली ‘रीड मोअर’, साडीचं वर्णन मराठीत आणि बटण ‘ॲड टू कार्ट’ असं इंग्रजीत उमटत राहतं. वर्डप्रेस मराठीत उपलब्ध आहे, पण थीमचं भाषांतर वेगळं करावं लागतं. म्हणून भाषांतराची सोय असलेलीच थीम निवडा. तारखा आणि महिने मराठीत येतात का, हेही पाहा. नाटकाच्या प्रयोगांच्या यादीत तारीख हाच मुख्य मजकूर असतो.

गैरसमज ४ : जितकी सजावट, तितकी छाप.

वस्तुस्थिती : सरकते फोटो, हलणारी अक्षरं, मागे चालणारा व्हिडिओ या सगळ्याचं वजन वाचणाऱ्याच्या डेटा पॅकवर पडतं. हिशेब सोपा आहे. ५ एमबीचं पान सेकंदाला १ मेगाबिट वेगानं उतरायला ४० सेकंद लागतात. तेच पान ८०० केबीचं असेल तर साडेसहा सेकंद पुरतात. जंगलपट्ट्यातल्या गावांत रेंज कधी येते, कधी जाते, आणि तिथला माणूस ४० सेकंद थांबत नाही. गूगलच्या निकषानुसार पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा. त्यामुळे हलकी थीम निवडा, फोटो चढवण्याआधी लहान करा आणि पहिल्या पडद्यावर कामाची गोष्ट ठेवा. नाटक कंपनीसाठी ती म्हणजे नाटकांची नावं, रिकाम्या तारखा आणि बुकिंगचा फोन.

गैरसमज ५ : कॉम्प्युटरवर नीट दिसली की काम झालं.

वस्तुस्थिती : वेबसाइट बनवणारा मोठ्या पडद्यावर काम करतो, पण पाहणारे बहुतेक जण मोबाइलवर पाहतात. गूगलही वेबसाइटची मोबाइलवरची आवृत्ती वाचूनच तिची नोंद घेतं. थीम ठरवण्याआधी ती एखाद्या स्वस्त, जुन्या मोबाइलवर आणि भर उन्हात उघडून पाहा. फिकट राखाडी अक्षरं खोलीत मोहक वाटतात, बाजारात उभं राहून वाचताना दिसत नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढा फरक असावा, असा आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकष आहे. कमी दिसणाऱ्या ज्येष्ठांसाठी तो फार महत्त्वाचा आहे. फोन नंबर दाबताच कॉल लागतो का आणि मेनू अंगठ्यानं सहज उघडतो का, हेही याच वेळी पाहून घ्या.

गैरसमज ६ : विनामूल्य थीम कमअस्सल, विकतची तेवढी उत्तम.

वस्तुस्थिती : वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातल्या थीम तपासणी करूनच घेतल्या जातात आणि त्या विनामूल्य असतात. लहान दुकान, बचत गट किंवा वर्ग यांना त्या पुरेशा आहेत. पैसे द्यायचे ते अडचणीला मदत आणि ठरावीक जास्तीच्या सोयी मिळाव्यात म्हणून. किंमत पाहण्यापेक्षा शेवटचं अपडेट कधी झालं, किती वेबसाइटवर ती वापरात आहे आणि लोकांच्या तक्रारींना उत्तर मिळतं का, हे पाहा. दोन वर्षं अपडेट नसलेली थीम टाळा.

एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे : विकतची थीम कुलूप तोडून फुकट देणाऱ्या ठिकाणांहून काहीही उतरवू नका. अशा फाइलींमध्ये अनेकदा छुपा कोड घातलेला असतो. तो तुमच्या वेबसाइटवर जुगाराच्या जाहिराती दाखवू शकतो आणि गिऱ्हाइकांची माहितीही पळवू शकतो. गटातल्या बायांनी वर्षानुवर्षं कमावलेला विश्वास त्यात एका दिवसात जातो.

गैरसमज ७ : थीम बदलली की सगळं पुसलं जातं.

वस्तुस्थिती : लेख, पानं आणि फोटो थीमच्या ताब्यात नसतात, ते वेगळ्या साठ्यात राहतात. घराला नवा रंग दिल्यानं घरातलं सामान हलत नाही, तसंच हे आहे. मेनू आणि कडेच्या चौकटी मात्र पुन्हा लावाव्या लागतात. खरा धोका वेगळाच आहे. काही थीम पानं रचण्यासाठी स्वतःचीच यंत्रणा वापरायला लावतात. पुढे ती थीम काढली की मजकुराच्या जागी चौकटी कंसांतला निरर्थक कोड उरतो. थीमनं रूप सांभाळावं. विक्री, बुकिंग, अर्ज यांसाठी वेगळे प्लगइन, म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्राम, असावेत. ही विभागणी पाळली तर पाच वर्षांनी रूप बदलणंही सोपं जाईल. बदल करण्याआधी बॅकअप घेणं मात्र चुकवू नका.

गैरसमज ८ : आपली वेबसाइट सगळ्यांपेक्षा वेगळी दिसायलाच हवी.

वस्तुस्थिती : देशभरातल्या अनेक जिल्हा प्रशासनांच्या वेबसाइट राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस३वास’ या एकाच व्यवस्थेवर, ठरलेल्या साच्यांत उभ्या आहेत. एका जिल्ह्याची वेबसाइट वापरलेल्या माणसाला दुसऱ्या जिल्ह्याचीही वापरता येते, हा त्याचा मोठा फायदा. मेनू वर, संपर्क खाली, शोध उजवीकडे या सवयी लोकांच्या हाताला लागलेल्या आहेत. त्या मोडल्या तर गिऱ्हाईक वाट चुकतं. वेगळेपण तुमच्या मजकुरात आणि फोटोंत असू द्या : कोष झाडावरून उतरवणारे हात, नाटकाच्या तालमीचं दृश्य, किल्ल्याचा तट. ते दुसऱ्या कुणाकडे नाहीत.

आता कामाचा क्रम. आधी कागदावर लिहा की वेबसाइटवर येणाऱ्या माणसानं नेमकं काय करावं : फोन करावा, साडी मागवावी की प्रयोगाची तारीख पाहावी. मग तीन पानांचा मजकूर मराठीत पूर्ण लिहा आणि स्वतःचे दहा-बारा फोटो निवडा. त्यानंतर दोन-तीन हलक्या थीम घेऊन हाच मजकूर प्रत्येकीत भरा, आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या हातात मोबाइल देऊन विचारा, “फोन नंबर कुठे आहे?” ज्या थीममध्ये त्यांना तो कुणाच्या मदतीशिवाय सापडेल, ती घ्या.