एका नावासाठी साडेपंधरा वर्षे

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली आमच्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, महाविद्यालय काढले. पुढे त्याला ‘मिलिंद’ हे नाव दिले. मिलिंद हा ग्रीक राजा मोठा वादपटू. भिक्षू नागसेनाने त्याला निरुत्तर केले आणि राजाने ते मोकळ्या मनाने मान्य केले. वर्गात ही गोष्ट मी आवर्जून सांगतो.

त्याच वर्षी राज्यघटना अमलात आली. तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. पण कागदावरची समता घराचा उंबरठा सहजासहजी ओलांडत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटल्या. माणसे मारली गेली, ती एका नावापायी! अखेर १४ जानेवारी १९९४ ला, संक्रांतीच्या दिवशी, नामविस्तार झाला. बाबासाहेबांचे नाव आले, ‘मराठवाडा’ही राहिला.

आज तिथून सर्व जातींची मुले पदव्या घेऊन बाहेर पडतात. ती एकमेकांच्या घरी जेवतात का, हे पदवीवर लिहिलेले नसते. या दिवाळीत आपल्या फराळाला कोण कोण येते, ते मोजून पाहावे. उत्तर मनाला टोचले, तर मिलिंदासारखे मान्य करावे. तो तर राजा होता!