धागा तुटला की माग थांबवा!

यंत्रमागावर ताण्याचा एक धागा तुटला आणि कारागिराने माग तसाच चालू ठेवला तर काय होते, हे आपल्या धंद्यात सर्वांना ठाऊक आहे. ताक्यात दोष उतरतो आणि व्यापारी भाव पाडतो. सॉफ्टवेअरच्या नोकरीत नव्याने गेलेल्या आपल्या मुलांचे अनेकदा नेमके हेच होते.

तेथे आज बऱ्याच कंपन्यांत ‘अजाइल’ पद्धतीने काम चालते. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ जाणकारांनी एकत्र बसून तिचा जाहीरनामा तयार केला. थोडे काम करावे, गिऱ्हाइकाला दाखवावे आणि त्याचे म्हणणे ऐकून पुढे जावे, हे तिचे सार. तिच्यातील ‘स्क्रम’ प्रकारात कामाचा टप्पा जास्तीत जास्त एक महिन्याचा असतो. रोज १५ मिनिटांची बैठक होते. काल काय केले, आज काय करणार आणि कोठे अडले, हे प्रत्येकाने थोडक्यात सांगायचे.

नवा मुलगा येथेच गांगरतो. परीक्षेत शेजाऱ्याला विचारणे म्हणजे कॉपी, हे त्याच्या मनात पक्के बसलेले. म्हणून अडले तरी तो ‘काम चालू आहे’ असेच सांगतो. चार दिवसांनी खरे उघड होते, तोवर साथीदारांचेही काम खोळंबते. वास्तविक ही बैठक झडतीसाठी नसून तुटलेला धागा त्याच दिवशी जोडण्यासाठी आहे.

ही शिकवण आपल्या मागाचीच आहे. जपानच्या साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये स्वयंचलित माग पूर्ण केला. धागा तुटताच तो आपोआप थांबे. त्यांच्या माग-कारखान्यातूनच पुढे टोयोटा मोटार कंपनी निघाली. तेथेही दोष दिसताच कामगार दोरी ओढून काम थांबवू शकतो. तेथील ‘कानबान’ चिठ्ठ्यांची रीत सॉफ्टवेअरवाल्यांनीही उचलली.

तेव्हा मुलांनी अडचण लपवू नये. प्रथम स्वतः प्रयत्न करावा, काय काय करून पाहिले ते लिहून ठेवावे आणि त्याच दिवशी जाणकाराला विचारावे. झेपेल तेवढेच काम अंगावर घ्यावे. उस्तादाला विचारण्यात शागिर्दाला कधी कमीपणा वाटला नाही. मग येथे का वाटावा?

वडीलधाऱ्यांनीही मुलगा घरी आल्यावर ‘आज किती काम केलेस?’ एवढेच विचारू नये. ‘आज कोठे अडले आणि कोणाला विचारलेस?’ हेही विचारावे.