सर्पदंश : सभासदांचे नेहमीचे प्रश्न



लागणीच्या व खोडव्याच्या मेळाव्यांना आम्ही गावोगाव येतो, तेव्हा खताच्या डोसाबरोबर आणखी एक विषय हमखास निघतो, तो सापाचा. रात्रीच्या लाईटवर दारं धरणारा शेतकरी, फडात वाकून ऊस तोडणारा मजूर, कोपीत जमिनीवर झोपलेली त्याची पोरं, सर्वांनाच हा धोका आहे. म्हणून नेहमीचे प्रश्न व उत्तरे येथे देत आहोत. आम्ही शेती विभागातली माणसं. उपचाराचा भाग डॉक्टरांकडून समजून घेऊनच लिहिला आहे.

प्रश्न : साप कोणता हे कळल्याशिवाय इंजेक्शन देता येते का?
उत्तर : येते. आपल्याकडे सर्पदंशाचे बहुतेक मृत्यू नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांमुळे होतात. सरकारी दवाखान्यातले प्रतिविष या चारही विषांवर चालते. डॉक्टर लक्षणे पाहतात, काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटांत ते गोठते का हे तपासतात. साप मारून सोबत नेण्याच्या नादी लागू नये. त्यात वेळ जातो आणि दुसऱ्यालाही दंश होऊ शकतो.

प्रश्न : दोरी आवळून बांधावी का?
उत्तर : नाही. रक्त अडून हात-पाय कायमचा निकामी होऊ शकतो. ब्लेडने कापणे, तोंडाने विष ओढणेही नको. अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढा, कारण सूज आल्यावर ती निघत नाहीत. मोडलेल्या हाडाला बांधतो तशी कामटी सैलसर बांधा. माणसाला चालवू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल ते वाहन घ्या.

प्रश्न : मांत्रिकाने विष उतरवलेली माणसं आम्ही पाहिलीत, ते कसे?
उत्तर : चावलेला साप पुष्कळदा धामण, दिवड असा बिनविषारी असतो. विषारी सापही कधीकधी विष सोडत नाही. ती माणसं मंत्राशिवायही वाचली असती. पण विष अंगात गेले असेल, तर देवळात गेलेला तासच माणसाला नेतो.

प्रश्न : सूज नाही, खूण नाही, मग भीती कशाची?
उत्तर : मण्यारीची. ती रात्री झोपलेल्या माणसाला चावते, दुखत फारसे नाही. पहाटे पोट दुखते, उलटी होते, पापण्या जड होतात, पुढे श्वास थांबतो. अशा वेळी पित्ताची गोळी देऊन वाट पाहू नका. शक्यतो खाटेवर झोपा; मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचा.

प्रश्न : तुम्ही पाचट जाळू नका म्हणता, त्यात साप होतात त्याचे काय?
उत्तर : पाचटाखाली साप बसू शकतो, हे खरे आहे. पण तो येतो उंदीर-बेडकांसाठी. पाचट ठेवाच, मात्र उंदरांची बिळे मोडा, बांध स्वच्छ ठेवा. फडात गमबूट घाला, काठी आपटत चला, रात्री बॅटरीशिवाय दारे मोडायला जाऊ नका.

केंद्र शासनाने २०२४ साली सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे, असा त्याचा उद्देश आहे. आपल्या हातात आहे ते एवढेच, की दंश झालेला माणूस थेट दवाखान्यात पोचवणे. प्रतिविष असलेला जवळचा सरकारी दवाखाना कोणता, याची चौकशी आजच करून ठेवा आणि आपल्या शेतावरच्या तोडणी टोळीलाही सांगा.