कॅराव्हॅन घेऊन काळविटांच्या माळावर

वाळवंट पाहायला जैसलमेर गाठायची गरज नाही असे म्हणणार नाही. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचा पसारा ३,१६२ चौ. किमी, आपल्या कारंजा-सोहोळ अभयारण्याचा जेमतेम १८.३२. पण उघड्या माळावर काळवीट पाहायचे तर वाशीम जिल्ह्यातले हे गवताळ रान झकास. नर काळाभोर, पिळदार शिंगांचा. मादी बदामी, बिनशिंगी. बिथरला की कळप चेंडूसारखा उसळतो.

समृद्धी महामार्गामुळे मोठी गाडी आणणे सोपे झाले आहे. राज्याचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१चे. तरी अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय प्रवेश नाही. पाण्याची टाकी कारंज्यातच भरा. मुक्काम गावाजवळ करा, आणि जनरेटर कृपया बंद ठेवा.