नट आवळा, पण मोजून!

चाक बदललं की पान्यावर होता नव्हता तेवढा जोर लावायचा, ही आपली सर्रास रीत. पण चाकाच्या नटाला जोरापेक्षा नेमका आकडा हवा असतो. बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांसाठी तो ८५ ते १३० न्यूटन-मीटरच्या (हे पीळ मोजायचं एकक) दरम्यान असतो. या आकड्यामागे काय काय दडलंय, ते पाहा.

एक नट, चार टन!
१२ मिलिमीटरचा बोल्ट कोरड्या आट्यांवर १०० न्यूटन-मीटरला आवळला, की तो चाकाला हबवर सुमारे चार टनांच्या जोरानं दाबून धरतो. चार नटांचे झाले सोळा टन. आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा चाकाला आत खेचत राहतो. चाक जागेवर राहतं ते मुख्यतः या दाबामुळे.

कष्ट शंभर, फळ दहा
तुम्ही लावलेल्या पिळापैकी जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणायला कामी येतो. बाकीचा नटाच्या बैठकीवरच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो.

म्हणून तेल नको
आट्यांना तेल किंवा ग्रीस लावलं, की घर्षण घटतं आणि त्याच आकड्याला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. कंपनीनं सांगितलं नसेल, तर आटे स्वच्छ आणि कोरडेच ठेवा.

पान्यावर उभं राहू नका
६० किलोचा माणूस ३० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकावर उभा राहिला, तर नटावर सुमारे १७५ न्यूटन-मीटर पीळ पडतो. १०० च्या नटासाठी हे फारच झालं! आटे जातात, बोल्ट कमजोर होतो, आणि पुढच्या पंक्चरला तोच नट रस्त्यात सुटता सुटत नाही.

उगम पाण्याच्या नळात
ठरलेल्या आकड्याला नट आवळणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, मोटारीसाठी जन्मलाच नाही. न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातले कॉनरॅड बार यांनी १९१८ च्या सुमारास तो घडवला. मोठ्या जलवाहिन्यांचे बोल्ट कुणी प्रमाणाबाहेर आवळू नयेत, एवढाच हेतू होता.

डाव्या चाकाचे उलटे आटे
दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या दिशेनं आवळायचे. चाकाच्या फिरण्यानं ते सैल होऊ नयेत, हा त्यामागचा विचार. सायकलच्या डाव्या पेडलला उलटे आटे आजही असतात.

न सुटलेला नट
२०२१ ची मोनॅको ग्रां प्री, फॉर्म्युला वनची शर्यत. ड्रायव्हर वाल्टेरी बोटास दुसऱ्या क्रमांकावर होता. तो चाकं बदलायला पिटमध्ये आला आणि नट सोडवणाऱ्या गनखाली चाकाच्या एकमेव नटाच्या खाचाच झिजून गेल्या. शर्यत तिथेच संपली. चाक निघालं ते थेट इंग्लंडमधल्या कारखान्यात, दोन दिवसांनी!

तब्बल ६००
पोर्शे ९११ जीटी३ च्या अलीकडच्या पिढ्यांत चाकाला मधोमध एकच मोठा नट असतो. तो आवळायचा ६०० न्यूटन-मीटरला.

पिवळे बाण
ब्रिटनमधल्या ट्रकच्या चाकांवर नटांना प्लास्टिकचे पिवळे बाण बसवलेले दिसतात. एखाद्याची दिशा बदलली, की तो नट सरकल्याचं ड्रायव्हरला ट्रकभोवती फिरता फिरता कळतं.

आता तुमची गाडी
• आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. शेजाऱ्याच्या गाडीचा चालणार नाही.
• नट आधी हातानं फिरवून बसवा, मग समोरासमोरचे आळीपाळीनं आवळा. पाच असतील तर चांदणी काढल्यासारखे, एक सोडून एक.
• शेवटचा पीळ गाडी जॅकवरून उतरवल्यावर, टॉर्क रेंचनं. ‘टक्’ आवाज आला की थांबा.
• ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा तपासा.
• टायरवाल्याकडे एअर गन चालत असेल, तर शेवटी रेंच लावायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि मागे बसलेल्या माणसांसाठी ते हक्कानं करून घ्यावं.